हिरव्या उलटीला पित्त म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत पावसाळ्यातल्या मुलांच्या उलट्या-जुलाबांवर लेख आला होता. चांगला होता. क्षारसंजीवनी कशी कालवायची, जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या १४ दिवस पुऱ्या करायच्या, पाणी उकळून गार करून द्यायचं, सगळं नीट सांगितलं होतं. मी आटपाडी तालुक्यात १९ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. तो लेख कापून मी अंगणवाडीच्या भिंतीवर डकवला. डकवताना पुन्हा एकदा वाचला आणि मग हात थांबला. उलटी किती वेळा झाली, ताप आहे का, डोळे खोल गेलेत का, हे सगळं त्यात विचारलं होतं. उलटीचा रंग कोणता, हे मात्र कुठेच नव्हतं. तो एक प्रश्न वेळेवर कोणी न विचारल्यामुळे आमच्या घराने सहा वर्षं काढली आणि शेवटी मुलगा हातचा जाता जाता राहिला. म्हणून हे लिहिते आहे. पत्र लांबलं तर काटछाट करा, पण रंगाचं तेवढं ठेवा.

आमचा धाकटा २०१६ च्या जूनमध्ये ग्रामीण रुग्णालयात झाला. सुखरूप, २ किलो ८०० ग्रॅम. बाविसाव्या दिवशी त्याला खांद्यावर घेऊन मी ढेकर काढत होते, तेव्हा पदरावर ओलं लागलं. पाहिलं तर हिरवं. फाटक्या दुधाच्या गुठळ्या नव्हत्या, दह्यासारखंही नव्हतं. मेंदी भिजवल्यावर वर जे पाणी सुटतं ना, तसा रंग. आत्यांनी (आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात) पदर हातात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "पित्त पडलं बघ. बरं झालं. आता निजंल शांत." आणि खरंच तो निजला. त्यांनी बेंबीभोवती हिंग लावला, तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. सहा लेकरं वाढवलेली बाई, तिच्या मायेत काही खोट नव्हती. खरं तर चूक माझी जास्त. तोवर दहा वर्षं मी गावातल्या आयांना बाळाच्या आजाराच्या धोक्याच्या खुणा पाठ करून सांगत होते आणि माझ्याच पदरावरचा रंग मी धुऊन टाकला.

पित्त हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो पाहा. छातीत जळजळलं की पित्त. डोकं चढलं की पित्त. अंगावर गांधी उठल्या की पित्त. उपाशीपोटी चहा घेतला, पित्त झालं. आंबट पाणी उलटून पडलं की पित्त पडलं, आणि पडलं म्हणजे सुटलो. मोठ्या माणसाचं पोट बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा ते जठरातलं आम्ल असतं, उलटून गेल्यावर बरंही वाटतं. डॉक्टर लोक ज्याला पित्त म्हणतात ते निराळं. ते यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणात उतरतं. तिथून त्याने खालीच जायचं असतं. आपल्या शीला जो पिवळा-तपकिरी रंग येतो तो त्याचाच. तान्ह्या बाळाच्या तोंडून ते हिरवं होऊन बाहेर पडलं, तर पित्त उतरतं त्याच्या पुढे कुठेतरी वाट अडली असण्याचा धोका असतो. दूध ओकणं वेगळं. ते बहुतेक बाळं करतात, त्याला घाबरायचं कारण नाही. हिरवं मात्र दूध नव्हे, आणि 'पडलं, बरं झालं' असंही नव्हे.

पुढे मुलाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर सर्जन डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली. हा घोटाळा फक्त आपल्याकडे नाही. २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी छापून आली होती. आईवडिलांसमोर आणि तिकडच्या फॅमिली डॉक्टरांसमोर रंगांचा तक्ता ठेवून विचारलं, पित्ताची उलटी यातली कोणती? बऱ्याच जणांनी पिवळ्यावर बोट ठेवलं. डॉक्टरांनीसुद्धा. तिकडे पित्ताला दहा अर्थ चिकटलेले नाहीत, तरी ही गत. मग आपल्याकडे काय होत असेल?

पुढची सहा वर्षं थोडक्यात सांगते. महिना-दोन महिन्यांनी एखादी संध्याकाळ अशी यायची की जेवल्यावर तो पोट धरून गुडघे छातीशी घ्यायचा, पांढराफटक पडायचा, हिरवी उलटी करायचा आणि तासा-दोन तासांनी झोपून जायचा. सकाळी उठून पुन्हा गोट्या खेळायला पसार. दोन वर्षांचा असताना तालुक्याच्या गावातल्या खाजगी दवाखान्यात गॅस म्हणाले, सिरप दिलं. तिसऱ्या वर्षी जंत म्हणाले. जंताचं मला लगेच पटलं, कारण जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलच्या गोळ्या गावातल्या पोरांना मीच वाटते, आणि जंतांचा गुंता होऊन आतडं तुंबतं हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं असतं. पुढे दुसऱ्या एका ठिकाणी अपेंडिक्सचा संशय घेऊन सोनोग्राफी केली, ती नॉर्मल. पोटाचा उभ्याने फोटो काढला, तोही नॉर्मल. पाचव्या वर्षी एकाने त्याच्या बापाला समोर बसवून सांगितलं, पोरगं लाडावलंय, शाळा नको म्हणून ढोंग करतंय. त्या दिवशी परत येताना गाडीवर तो आमच्या दोघांच्या मध्ये बसला होता. मला म्हणाला, "आई, मी ढोंग नाय करत." हे वाक्य मी कधी विसरणार नाही.

आता वजनाचं. दर महिन्याला मी गावातल्या सहा वर्षांखालच्या मुलांची वजनं घेते आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब टाकते. हिरवा पट्टा म्हणजे मूल ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, नारिंगी म्हणजे धोका. माझ्या मुलाचं टिंब तिसऱ्या वर्षी पिवळ्यात उतरलं, १० किलो ८०० ग्रॅम. पाचव्या वर्षी १३ किलो, अजून पिवळ्यातच. सेविकेचंच पोर कमी वजनाचं, म्हणून बैठकीत मान खाली घालायची वेळ यायची. मी त्याला अंडं, शेंगदाण्याचे लाडू, तूप-भात, जे म्हणून चारता येईल ते चारलं. आता ते कार्ड समोर घेऊन बसलं की स्पष्ट दिसतं. रेघ सरळ उतरत गेलेली नाही, ती करवतीच्या दात्यांसारखी आहे. दोन महिने चढते, एका महिन्यात खाली येते, पुन्हा चढते. प्रत्येक खालचा दाता एकेका हिरव्या उलटीच्या महिन्याचा आहे. माझ्या हातानेच काढलेली रेघ होती ती. मी तिच्यात कुपोषण वाचलं. त्याचं आतडं अधूनमधून पीळ खाऊन आपोआप सुटत होतं, हे त्या कार्डावर लिहिलेलं होतं, पण ते वाचायला कोणी शिकवलेलं नव्हतं.

डिसेंबर २०२२. तो साडेसहा वर्षांचा. रात्री साडेआठला पोटात दुखायला लागलं ते थांबेचना. तीनदा हिरवी उलटी झाली, ती मी त्याच्या आजोबांच्या पांढऱ्या पंच्यात धरली. बाराच्या सुमाराला शीतून थोडं पडलं, मनुका कुस्करल्यासारखं काळपट लाल. तेव्हा मात्र कोणी हिंग म्हणालं नाही. १०८ बोलावली. ग्रामीण रुग्णालयातून सलाइन लावून पुढे मिरजेला पाठवलं. तिथे पहाटे तातडीच्या विभागात रात्रपाळीचा एक शिकाऊ डॉक्टर होता, माझ्या थोरल्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. मी नेहमीसारखं सुरू केलं, "पित्त पडतंय डॉक्टर, लहानपणापासून..." त्याने पेन खाली ठेवलं.

"ताई, पित्त म्हणजे कसं? रंग कसला?"

सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी हे विचारत होतं. मला शब्द सुचेना. पिशवीत तो पंचा गुंडाळून ठेवला होता, घरी जाऊन धुवायचा म्हणून. मी तोच काढून दिला. त्याने हातमोजा घातला, ट्यूबलाइटखाली जाऊन पंचा उलगडला, मोबाइलने फोटो काढला आणि वरच्या डॉक्टरांना पाठवला. मग तिथूनच फोन लावला. त्याचं एक वाक्य माझ्या कानावर पडलं, "सर, पोटावर आधीचं एकही ऑपरेशन नाही, आणि उलटी गडद हिरवी आहे." अर्ध्या तासात सोनोग्राफीवाल्या मॅडम आल्या. बेंबीच्या वर त्या बराच वेळ यंत्र फिरवत राहिल्या आणि मग पडदा माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "हा भोवरा दिसतोय? आतड्याला रक्त नेणाऱ्या शिरा एकमेकींभोवती फिरल्यात." पडद्यावर खरंच भोवरा होता, नदीतला.

सकाळी सातला त्याला आत नेलं. सर्जन डॉक्टरांनी ऑपरेशनला जाण्याआधी जिना उतरता उतरता दोन मिनिटांत समजावलं, आणि तीन दिवसांनी निवांत बसून सोनोग्राफीच्या पाकिटामागे चित्र काढून दाखवलं. ते पाकीट मी जपून ठेवलंय. त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत सांगते.

आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमाराला बाळाचं आतडं इतक्या झपाट्याने लांब होतं की त्याच्या इवल्याशा पोटात ते मावत नाही. ते नाळेत उतरतं. दहाव्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा पोटात येतं. या जाण्यायेण्यात ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने २७० अंशांतून फिरतं आणि मग पाठीच्या भिंतीला दोन लांबच्या ठिकाणी पक्कं होतं. एक टोक वर डावीकडे, दुसरं खाली उजवीकडे. परकराची नाडी कमरेला पूर्ण गेली की घेर कितीही मोठा असो, जागेवर राहतो. तीच नाडी मुठीएवढ्या जागेत आवळून धरली, तर सगळा घेर एका झटक्यात गिरकी घेतो. काही बाळांचं आतडं हे फिरणं अर्धवट सोडतं. मग त्याची दोन्ही टोकं जवळजवळ बांधली जातात आणि आतडं मुठीत धरलेल्या परकरासारखं अधांतरी लोंबतं. कधीही पीळ पडू शकतो. पीळ पडला की रक्तवाहिनी आवळते, आणि काही तासांत आतडं काळं पडायला लागतं. बहुतेकांत हे जन्मानंतर पहिल्या महिन्यातच उघड होतं. काहींत आमच्या मुलासारखं अर्धवट पीळ पडत-सुटत वर्षानुवर्षं चालतं आणि मग एके रात्री सुटत नाही.

डॉक्टरांनी आतडं घड्याळाच्या उलटं दोन फेरे फिरवून मोकळं केलं. जांभळं-काळं झालं होतं. कोमट पाण्यात भिजवलेली फडकी त्यावर ठेवून वाट पाहिली. बरंचसं आतडं गुलाबी झालं, वीतभर झालं नाही, तेवढं कापून जोडलं. लहान आतड्याच्या सुरुवातीवरून आडवे गेलेले जन्मजात पडदे कापले, लहान आतडं सगळं उजवीकडे आणि मोठं आतडं डावीकडे मांडून ठेवलं आणि अपेंडिक्स काढून टाकलं. अपेंडिक्स कशाला काढलं असं मी विचारलं. तर म्हणे, या मुलांचं अपेंडिक्स नेहमीच्या जागी नसतं, उद्या सुजलं तर दुखेल भलतीकडेच आणि पुन्हा कोणाच्या लक्षात येणार नाही. ही शस्त्रक्रिया बोस्टनचे सर्जन विल्यम लॅड यांनी १९३६ साली मांडली. आणि माझ्या पोराला सहा वर्षं सिरप मिळत होतं. लॅडचं नाव आता आमच्या घरात देवाच्या नावासारखं घेतात, आत्यासुद्धा घेतात.

अठरा दिवस आम्ही त्या वॉर्डात होतो. आजूबाजूच्या खाटांवर जे पाहिलं, तेही सांगायला हवं, कारण आमचा एकच रोग नव्हे. शेजारी नऊ वर्षांचा एक मुलगा होता, पोटावर आधी कधीच चाकू लागलेला नव्हता आणि आतडं पूर्ण बंद. सीटी स्कॅनमध्ये अडलंय हे दिसलं, का अडलंय ते दिसलं नाही. पोट उघडल्यावर कळलं. बेंबीपासून आतड्यापर्यंत एक दोरीसारखा पट्टा होता आणि आतडं त्याच्याभोवती गुंडाळलं होतं. गर्भात आतड्याला पोषण देणारी एक नळी असते, ती जन्माआधी विरून जायला हवी. कधी कधी ती आतड्याला पिशवीसारखी चिकटून राहते, कधी अशी दोरी होऊन राहते. त्या पिशवीला जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिश मेकेल यांचं नाव आहे. शंभरांत साधारण दोघांच्या पोटात ती असते म्हणतात, बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. मोठ्या माणसांत आतडं अडतं ते पुष्कळदा जुन्या ऑपरेशननंतर आतडी आत चिकटल्याने. ज्या लेकराच्या पोटावर जुना व्रणच नाही, त्याचं आतडं अडलं तर काहीतरी जन्मापासूनचं आहे का, असा विचार व्हायला हवा. त्या शिकाऊ डॉक्टरने फोनवर पहिलं वाक्य तेच का सांगितलं, ते मला तेव्हा कळलं.

पलीकडच्या खाटेवर चार महिन्यांची मुलगी होती, पोट ढोलकीसारखं. तिच्या आईला डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, जन्मल्यावर पहिली काळी शी कधी झाली? तिला आठवत होतं तिसऱ्या दिवशी. दवाखान्याच्या कागदावर मात्र काही नोंद नव्हती. दिवस भरलेल्या बहुतेक बाळांना ती डांबरासारखी शी पहिल्या २४ तासांत होते. दोन दिवस उलटले तरी झाली नाही, तर मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच नसण्याचा आजार असू शकतो. कोपनहेगनचे डॉ. हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली त्याचं वर्णन केलं. साधारण पाच हजार बाळांत एकाला होतो. गुदद्वारातून नखाएवढा तुकडा काढून तपासला की निदान पक्कं होतं. त्या मुलीला चार महिने ग्राइप वॉटर पाजत होते आणि शी व्हावी म्हणून खालून साबणाची वडी लावत होते. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांना तापल्या लोखंडाचे चटके दिल्याच्या बातम्या मेळघाटातून आपल्याकडे छापून येतात. त्या वाचून आपण अंधश्रद्धेवर बोलतो, बोलायलाच हवं. पण त्या बाळाचं पोट मुळात फुगलं कशाने, हे पुढे कोणी शोधलं का, ते त्या बातमीत कधी नसतं.

घरी आल्यावर मी आमचे सगळे जुने केसपेपर पलंगावर पसरले. अकरा होते. नऊवर उलटी लिहिलेली होती. रंग एकावरही नव्हता. त्या डॉक्टरांना मी वाईट म्हणत नाही. मूल त्यांच्यासमोर येईतो पीळ सुटलेला असायचा, पोट मऊ, फोटो नॉर्मल. साध्या फोटोत हे दिसेलच असं नसतं. पांढरं औषध पाजून त्याची वाट पाहत फोटो काढतात ना, बेरियमची तपासणी, तिच्यात लहान आतड्याचं पहिलं वळण मणक्याच्या डावीकडे जातं की नाही हे दिसतं. पीळ सुटलेला असतानाही बहुधा दिसतं. ती तपासणी आमच्या दोन तासांच्या अंतरावर होत होती. आम्हाला तिथे धाडावं असं कोणाला सुचलं नाही, कारण कागदावर नुसती 'उलटी' होती. आणि कागदावर 'उलटी' होती, कारण मी 'पित्त' म्हणत होते. माझा एक शब्द आणि त्यांचा एक न विचारलेला प्रश्न, यांच्यामध्ये पोरगं अडकलं.

आता माझं म्हणणं ज्यांच्यापर्यंत जायला हवं त्यांच्यापर्यंत आपल्या वर्तमानपत्राने न्यावं.

आशाताई नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. ही पद्धत देशभर गेली तिच्या मुळाशी गडचिरोलीतलं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम आहे, याचा आम्हा खालच्या कार्यकर्त्यांना अभिमान आहे. तिच्या फॉर्मवर पोट फुगलंय का, वारंवार उलटी होते का हे प्रश्न आहेत. तिथेच 'हिरवी का?' हे दोन शब्द वाढवा. उत्तर हो आलं तर फॉर्म पूर्ण भरत बसायचं नाही, गाडी बोलवायची. माझ्या मुलाची पहिली हिरवी उलटी बाविसाव्या दिवशी झाली. आदल्याच दिवशी आशाताई येऊन वजन करून गेली होती, पुढची फेरी अठ्ठाविसाव्याला. तिने आधी एकदा जरी सांगून ठेवलं असतं, तर तो पदर मी धुतला नसता.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यांचं पथक वर्षातून दोनदा माझ्या अंगणवाडीत येतं, मनापासून तपासतं. त्यांच्या मूळ ३० आजारांच्या यादीत जन्मजात दोष नऊ आहेत. पाठीच्या कण्याचा दोष, डाउन सिंड्रोम, दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडे पाय, खुब्याचा सांधा, मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष आणि कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांचा आजार. आतड्याचा एकही नाही. वरून दिसत नाही म्हणून नसेल, हे मी समजू शकते. हृदयाचं भोकही वरून दिसत नाही, पण त्यासाठी काय विचारायचं हे पथकाला शिकवलंय. आतड्यासाठी तीनच प्रश्न पुरतील. पहिली काळी शी कधी झाली, उलटी कधी हिरवी झाली का, आणि पोटदुखी पुन्हा पुन्हा येऊन वजन खाली-वर होतं का.

प्रसूतीनंतर घरी सोडताना जो कागद देतात, त्यावर बाळाच्या पहिल्या शीची वेळ लिहावी. लसीची वेळ लिहितात, मग ही लिहायला काय हरकत आहे? आणि केसपेपरवर उलटी लिहिताना रंग लिहावा. पांढरी, पिवळी, हिरवी, लाल, एकच शब्द जास्तीचा. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड असतं. फिकट पांढरी शी दिसली की आई स्वतः दवाखाना गाठते आणि पित्तनलिका बंद असल्याचा आजार वेळेत सापडतो. आपल्या माता-बाल कार्डावर उलटीच्या रंगाची तशीच पट्टी छापता येईल. वाचता न येणाऱ्या आईलाही रंग कळतो.

प्रत्येक हिरव्या उलटीमागे पीळच असतो असं नाही. तपासण्या करून काहीच न निघालेली बाळंही त्या वॉर्डातून हसत घरी गेली. सर्जन डॉक्टर म्हणायचे, तशी दहा बाळं फुकट आली तरी चालतील. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली, तर पीळ नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरून चालायचं. सकाळपर्यंत बघू, असं म्हणायचं नाही.

मी आता गृहभेटीला गेले की पित्त हा शब्दच वापरत नाही. "उलटी झाली तर कापडात धरा आणि ते कापड धुऊ नका, सोबत न्या" असं सांगते. गेल्या वर्षी एका आईने तसं नेलं. बाळ आठ दिवसांचं होतं. आतडं जन्मतःच एका ठिकाणी बंद होतं, वेळेत ऑपरेशन झालं. परवा त्याचं वजन घेतलं, ८ किलो २००.

आमचा धाकटा आता चौथीत आहे. पोटावर आडवा व्रण आहे. त्याच्या दप्तरात डिस्चार्ज कार्डाची प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेली असते, आतडी कुठल्या बाजूला आहेत हे पुढच्या डॉक्टरला कळावं म्हणून.

त्या रात्री शिकाऊ डॉक्टरने काढलेला पंच्याचा फोटो त्याने नंतर मलाही पाठवला. तो या पत्रासोबत जोडला आहे. काळ्या-पांढऱ्या पानावर छापून उपयोग होणार नाही. पुरवणीचं पहिलं पान रंगीत असतं, तिथे हाताच्या पंजाएवढा छापावा, एवढी विनंती.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
ता. आटपाडी, जि. सांगली
(कृपया नाव छापू नये.)